न वाचता दिलेली संमती: जनरल मोटर्सच्या १५० कोटी डॉलरच्या तारणाचं प्रकरण

२०९२५३२ ५, २०९२५२६ ७ आणि ६४१६८०८ ४. ऑक्टोबर २००८च्या सुमारास तारणाच्या सरकारी नोंदींचे हे तीन क्रमांक एका यादीत एकाखाली एक आले. पहिले दोन तिथे असायलाच हवे होते. तिसऱ्याचा त्या व्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता. यादी चार ठिकाणी फिरली, कुणालाच काही खटकलं नाही, आणि महिनाअखेरीस १५० कोटी डॉलरच्या कर्जामागची सगळ्यात मोठी नोंद सरकारी दप्तरातून उतरली. ती उतरवायचं कुणाच्याही मनात नव्हतं. निकाल मात्र त्या 'मनात नव्हतं'च्या विरोधात गेला.

जनरल मोटर्सची त्या वेळी दोन वेगळी कर्जं चालू होती. पहिलं ऑक्टोबर २००१चं, सुमारे ३० कोटी डॉलरचं. त्याला सिंथेटिक लीजचं रूप दिलेलं होतं, म्हणजे कागदावर भाडेपट्टा आणि आतून कर्ज. त्याला १२ स्थावर मिळकती तारण होत्या. दुसरं २००६चं टर्म लोन, सुमारे १५० कोटी डॉलरचं. त्यात कंपनीच्या ४२ ठिकाणांतली यंत्रसामग्री आणि फिक्स्चर्स, म्हणजे इमारतीत कायमची बसवलेली साधनं, तारण होती. दोन्ही कर्जांत पैसे देणाऱ्यांचे गट वेगळे, करार वेगळे, तारण वेगळं. सारख्या होत्या दोनच गोष्टी: कर्ज घेणारी कंपनी, आणि दोन्ही गटांच्या वतीने एजंट म्हणून काम पाहणारी बँक, जेपी मॉर्गन. दप्तरात दोन्हीकडे 'धनको' म्हणून तिचंच नाव होतं. पुढच्या घोटाळ्याचं बीज मला इथेच दिसतं. एका ऋणकोच्या नावापुढे एकाच धनकोच्या अनेक नोंदी असल्या, की कुठली नोंद कुठल्या कर्जाची हे निव्वळ नावांवरून ओळखता येत नाही.

तारणाचा अमेरिकी कायदा इथे थोडा उलगडावा लागेल. जंगम मालमत्तेवरच्या तारणाचे नियम तिथे युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या (यूसीसी) नवव्या प्रकरणात आहेत. करार झाला आणि पैसे हाती पडले, की धनकोचा हक्क मालमत्तेला जडतो. पण तो धनको आणि ऋणको या दोघांपुरता. तिसऱ्या कुणी त्याच मालमत्तेवर दावा सांगितला, तर त्याच्यापुढे हा हक्क टिकण्यासाठी तो जगजाहीर झालेला लागतो. याला तिथे 'परफेक्शन' म्हणतात, आणि यंत्रांसारख्या मालाच्या बाबतीत त्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे यूसीसी-१ नावाचा फॉर्म सरकारी कार्यालयात दाखल करणं. कंपनी ज्या राज्यात स्थापन झाली त्या राज्याच्या कार्यालयात तो जातो, कारखाने देशभर कुठेही असोत. जनरल मोटर्स डेलावेअरमध्ये स्थापन झालेली, म्हणून मुख्य नोंद डेलावेअरच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, म्हणजे अशा नोंदी ठेवणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याकडे. जमिनीला जखडलेल्या फिक्स्चर्ससाठी मात्र त्या त्या काउंटीच्या, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, जमीन दप्तरातही वेगळी नोंद करता येते. टर्म लोनसाठी अशा एकूण २८ नोंदी झाल्या होत्या. त्यांतली डेलावेअरची, ६४१६८०८ ४, ही सगळ्यांत महत्त्वाची.

हा फॉर्म अगदीच जुजबी असतो. ऋणको कोण, धनको कोण, कशावर हक्क आहे एवढंच त्यात लिहायचं. कर्जाची रक्कम नसते, करार जोडावा लागत नाही. त्याचं काम फक्त इशारा देण्याचं: 'या मालावर कुणाचा तरी हक्क असू शकतो, चौकशी करा.' आपल्याकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा दिसतो तसंच काहीसं.

बोजा उतरवण्यासाठी असतो यूसीसी-३. त्यात मूळ नोंदीचा क्रमांक लिहायचा आणि 'टर्मिनेशन'च्या चौकटीत खूण करायची, एवढंच. कुठल्या कर्जाची नोंद, ते फिटलं का, हे तो फॉर्म विचारत नाही. ओळख फक्त क्रमांकाची. म्हणजे भरलेला यूसीसी-३ कितीही बारकाईने न्याहाळला तरी त्यातली चूक कळायची नाही. त्यासाठी मूळ यूसीसी-१ काढून शेजारी ठेवावा लागतो. या प्रकरणात तेवढं कुणी केलं नाही.

सप्टेंबर २००८मध्ये सिंथेटिक लीजची मुदत संपत आली. जनरल मोटर्सने आपल्या वकिलांच्या फर्मला कळवलं, की आम्ही हे कर्ज फेडतोय, फेडीची आणि तारण सोडवण्याची कागदपत्रं तयार करा. फर्मच्या भागीदाराने काम असोसिएटकडे, म्हणजे हाताखालच्या वकिलाकडे, दिलं. असोसिएटला कुठल्या नोंदी उतरवायच्या याची यादी हवी होती. त्याने एका पॅरालीगलला, म्हणजे वकिलांच्या मदतनिसाला, डेलावेअरच्या दप्तरात जनरल मोटर्सच्या नावावरच्या यूसीसी-१ नोंदी शोधायला सांगितलं. त्या पॅरालीगलला ना व्यवहाराची माहिती होती, ना शोध कशासाठी चाललाय याची. शोधात तीन क्रमांक आले. तिन्ही यादीत गेले.

पॅरालीगलवर खापर फोडण्यात अर्थ नाही. 'या नावावर काय काय आहे ते काढ' असं सांगितल्यावर त्याने जे होतं ते काढून दिलं. त्यातलं आपलं कुठलं आणि परकं कुठलं हे ठरवणं हे पुढचं काम, आणि ते कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

यादीवरून क्लोजिंग चेकलिस्ट, म्हणजे व्यवहार पूर्ण करताना लागणाऱ्या कागदांची यादी, झाली आणि चेकलिस्टवरून तीन यूसीसी-३. चेकलिस्टमध्ये नुसते क्रमांक नव्हते. प्रत्येकापुढे ती नोंद कशाची याचं थोडक्यात वर्णन होतं. तिसऱ्या ओळीपुढे लिहिलेलं होतं, की ही नोंद अमेरिकेतल्या काही कारखान्यांमधली यंत्रसामग्री, फिक्स्चर्स आणि संबंधित तारणाबाबत आहे. फेडायचा होता जमीन-इमारतींवरचा भाडेपट्टा, आणि यादीत कारखान्यांतली यंत्रं! शिवाय बाकीचे दोन क्रमांक २ने सुरू होणारे आणि हा एकटा ६ने. ज्याला व्यवहार माहीत आहे त्याने ती ओळ सावकाश वाचली असती तर बोट तिथेच थांबलं असतं.

ही कागदपत्रं जनरल मोटर्सकडे गेली, जेपी मॉर्गनकडे गेली, आणि जेपी मॉर्गनच्या वकिलांकडेही गेली. बँकेच्या वकिलाने ती पाहिली आणि ईमेलवर कळवलं, की कागदपत्रं छान झाली आहेत. एकच दुरुस्ती सुचवली: एजंट म्हणून बँकेचं नाव येतं तिथे 'धनकोंच्या वतीने' हे शब्द नकोत. दोन शब्दांवर नजर गेली आणि १५० कोटींवरून घसरली. ३० ऑक्टोबर २००८ रोजी लीजचे पैसे चुकते झाले आणि तिन्ही यूसीसी-३ डेलावेअरमध्ये दाखल झाले.

त्यानंतर सात महिने काहीच घडलं नाही. टर्म लोन चालू होतं, व्याज येत होतं. बँकेच्या आपल्या वह्यांत ते सुरक्षित कर्जच होतं. सरकारी दप्तरात मात्र त्याचं मुख्य तारण बेवारस पडलं होतं.

१ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने न्यूयॉर्कमध्ये चॅप्टर ११खाली, म्हणजे दिवाळखोरी कायद्यातल्या कर्जांच्या फेररचनेच्या प्रकरणाखाली, दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे काही दिवसांतच जेपी मॉर्गनने विनातारण धनकोंच्या समितीला कळवलं, की २००८मध्ये चुकून टर्म लोनचा टर्मिनेशन फॉर्म दाखल झाला आहे, पण त्याला आमची परवानगी नव्हती, म्हणून तो निष्प्रभ आहे. टर्म लोनच्या धनकोंना त्यांचे पैसे त्याच महिन्यात मिळाले, मात्र समितीचा आक्षेपाचा हक्क राखून. समितीने ३१ जुलैला दावा ठोकला. मागणी अशी: मुख्य नोंद उतरलेली होती, त्यामुळे हे धनको त्या तारणापुरते विनातारण ठरतात, घेतलेले पैसे परत करा.

वाचणाऱ्याला इथे पहिला प्रश्न पडतो, की यात फसलं कोण? कुणी दप्तर बघून, 'यंत्रं मोकळी आहेत' असं समजून कंपनीला पैसे दिले का? तसं कुणी पुढे आलेलं नव्हतं. पण दिवाळखोरी कायद्याला तसा माणूस लागतच नाही. त्याचं कलम ५४४ एक काल्पनिक धनको उभा करतं, ज्याने अर्जाच्या दिवशीच त्या मालमत्तेवर जप्ती आणली आहे असं मानायचं. त्याला आधीच्या कर्जाची माहिती होती की नाही हे बघायचंच नाही. त्या दिवशी त्याच्यापुढे ज्याचा हक्क टिकतो त्याचं तारण खरं. ज्याचा टिकत नाही तो बाकीच्या विनातारण धनकोंच्या रांगेत. काहींना हा कायद्याचा कावा वाटतो. मला तो आवश्यक वाटतो, कारण प्रत्येक दिवाळखोरीत 'कुणी काय बघून पैसे दिले' याचा पुरावा गोळा करत बसलं तर मालमत्ता वाटायची वेळच येणार नाही.

म्हणून सगळा वाद एका शब्दावर येऊन ठेपला: परवानगी. कोडच्या कलम ९-५०९ आणि ९-५१०प्रमाणे टर्मिनेशन फॉर्म धनकोच्या परवानगीने दाखल झाला असेल तरच लागू होतो. मग परवानगी होती का, आणि कशाची?

दिवाळखोरी न्यायाधीश रॉबर्ट गर्बर यांनी १ मार्च २०१३ रोजी बँकेच्या बाजूने कौल दिला. बँकेला फक्त लीजच्या नोंदी उतरवायच्या होत्या. त्यापलीकडे जाऊन जे दाखल झालं ते तिच्या परवानगीबाहेरचं. ऐकायला हे अगदी सरळ वाटतं. मी तुम्हाला माझी जुनी गाडी विकायला सांगितली आणि तुम्ही नवीही विकून आलात, तर मी म्हणेनच की नवीचं मी सांगितलं नव्हतं.

पण विकण्याआधी तुम्ही दोन्ही गाड्यांचे कागद माझ्यापुढे ठेवले होते आणि मी 'छान आहेत' म्हणालो होतो, तर?

अपील सेकंड सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयात गेलं. तिथल्या न्यायाधीशांनी प्रश्नाचे दोन भाग केले. एक, धनकोने नेमकी कशाला परवानगी द्यायला हवी: फॉर्म दाखल करायला, की त्या फॉर्मने जो हक्क संपतो तो संपवायला? दोन, जेपी मॉर्गनने ती दिली होती का? पहिला प्रश्न डेलावेअरच्या कायद्याचा, म्हणून तो जून २०१४मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला. १७ ऑक्टोबर २०१४ला उत्तर आलं: दाखल करायला परवानगी दिली की झालं. त्याने काय संपणार हे धनकोला कळलं होतं का, ते त्याला हवं होतं का, हे बघायचं नाही. फॉर्मला संमती देण्याआधी आपण काय सोडतोय आणि का, हे तपासणं धनकोचं काम. दुसऱ्या प्रश्नाला सेकंड सर्किटने स्वतःच २१ जानेवारी २०१५ला उत्तर दिलं. बँकेने आणि तिच्या वकिलांनी चेकलिस्ट आणि मसुदे पाहिले होते, दाखल करण्याला होकार दिला होता. मुख्य नोंद उतरवण्याचा तिचा हेतू कधीच नव्हता, तरी ती उतरवणारा फॉर्म दाखल करायची परवानगी तिने दिली होती. टर्मिनेशन वैध.

या निकालातली सगळ्यात चमत्कारिक बाजू मला वाटते ती ही. जनरल मोटर्सच्या वकिलांनी तो तिसरा फॉर्म बँकेला न दाखवता, आपल्या मनाने दाखल केला असता, तर बँक सहज सुटली असती. परवानगीच नाही, म्हणून फॉर्म निष्प्रभ, विषय संपला. बँक अडकली ती समोरच्यांनी रीतसर वागून मसुदा तपासायला पाठवला म्हणून. निष्काळजी ऋणको धनकोला परवडला असता, शिस्तीच्या ऋणकोने त्याला बुडवलं. न वाचता दिलेली संमती ही कायद्याच्या लेखी संमतीच असते, आणि ती देण्याची संधी जितकी व्यवस्थित मिळाली असेल तितकी ती जास्त जड पडते.

निकाल कठोर आहे, पण मला तो पटतो. दप्तर बघणाऱ्या तिऱ्हाईताला बँकेच्या मनात डोकावता येत नाही, त्याला फक्त फॉर्म दिसतो. 'बँकेचा खरा हेतू काय होता' हे शोधायला लावलं तर दप्तर ठेवण्यालाच अर्थ उरत नाही. शिवाय चूक पकडण्याच्या सगळ्यात सोयीच्या जागी धनकोच बसलेला असतो. आपलं कुठलं कर्ज कुठल्या नोंदीला बांधलंय हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. समितीला मात्र आयतं घबाड मिळालं, हेही खरं. तिच्यातल्या एकाही धनकोने या नोंदीवर विसंबून एक डॉलर दिला होता असं दिसत नाही.

तारखा मांडल्या की आणखी एक गोष्ट दिसते. फॉर्म दाखल झाला ३० ऑक्टोबरला, दिवाळखोरीचा अर्ज १ जूनला. दिवाळखोरी कायदा अर्जाआधीच्या ९० दिवसांत धनकोने आपली बाजू सुधारून घेतली तर ती उलटवू देतो. जुन्या कर्जासाठी त्या काळात नव्याने नोंद केली तर तीही त्यात सापडू शकते. १ जूनपासून मागे ९० दिवस मोजले की मार्चचा पहिला आठवडा येतो. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जवळपास चार महिने, बँकेला नवा यूसीसी-१ दाखल करून चूक बहुतांशी भरून काढता आली असती. त्यासाठी नव्या कराराची गरज नव्हती, जनरल मोटर्सकडे जायचीही नव्हती, कारण तारणाचा करार झाला की नोंद दाखल करायला ऋणकोची संमती त्यातच आलेली असते. फक्त चूक झालीय हे कळायला हवं होतं, आणि ते कळायला व्यवहार संपल्यावर डेलावेअरच्या दप्तरात एकदा शोध घेणं पुरेसं होतं. वाहन कंपन्यांची घरघर त्या हिवाळ्यात रोज पहिल्या पानावर होती. अशा वेळी मोठ्या धनकोने आपल्या नोंदी एकदा काढून बघाव्यात, ही काही अवघड अपेक्षा नाही.

कर्जाच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्यांनी यातून उचलण्यासारखं बरंच आहे, पण दोनच गोष्टींवर मी जोर देईन. तारण सोडण्याच्या पत्रात 'आमच्या नावावरच्या सर्व नोंदी उतरवण्यास परवानगी' असं मोघम वाक्य घालू नये. एजंट बँकेच्या नावावर त्याच ऋणकोची आणखी कर्जं असतात, आणि ते वाक्य त्यांनाही सोबत घेऊन जाऊ शकतं. परवानगी क्रमांकाने द्यावी, करार आणि तारीख सांगून द्यावी, आणि प्रत्येक क्रमांकाचा मूळ फॉर्म फाइलला लावून द्यावी. दुसरं, यादी बनवण्याची दिशा उलटी हवी. नावावरून दप्तर शोधून जे सापडेल ते यादीत टाकणं हा चुकीचा रस्ता. जे कर्ज फिटतंय त्याची फाइल उघडायची, ते देताना कुठल्या नोंदी केल्या होत्या ते बघायचं, आणि तेवढ्याच उतरवायच्या. दप्तराचा शोध ताळा करायला घ्यावा, यादी बनवायला नको.

पुढची कथा लांबली. टर्म लोनमध्ये पैसे गुंतवलेल्या काहींनी जनरल मोटर्सच्या वकिलांवर हलगर्जीपणाचा दावा लावला. सेव्हन्थ सर्किट या दुसऱ्या केंद्रीय अपील न्यायालयाने २०१७मध्ये तो फेटाळला. ऋणकोचे वकील ऋणकोला बांधील, समोरच्या धनकोंना नाहीत. समोरच्या बाजूने मसुदा करून दिला म्हणून त्या बाजूचे वकील आपलं हित सांभाळतील, असं धनकोला गृहीत धरता येत नाही.

उरलेल्या २७ नोंदींना यूसीसी-३ लागलेला नव्हता, आणि त्यांत काउंट्यांमधल्या फिक्स्चर्सच्या नोंदी होत्या. म्हणून आता यंत्र आणि फिक्स्चर यांतला फरक सोन्याच्या मोलाचा झाला. जे इमारतीचा भाग मानलं जाईल त्यावरचं तारण जिवंत, जे उचलून नेता येईल ते गेलं. धनको म्हणत होते, हे सगळं जमिनीला जखडलेलं आहे. विनातारण धनकोंसाठी नेमलेला ट्रस्ट म्हणत होता, बोल्ट काढले की हलतं. हजारो वस्तूंवर भांडण्याऐवजी नमुन्यादाखल ४० निवडल्या गेल्या आणि २०१७मध्ये न्यायाधीश मार्टिन ग्लेन यांच्यापुढे त्यांची सुनावणी झाली. यंत्रासाठी पाया किती खोल खणला होता, ते उचलून दुसरीकडे बसवता येईल का, बसवताना ते कायमचं राहील अशी समजूत होती का, अशा प्रश्नांवर तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. बहुतेक वस्तू फिक्स्चर ठरल्या आणि धनकोंच्या जिवात जीव आला.

त्यानंतर किमतीचा वाद उरला होता. २०१९मध्ये तडजोड झाली आणि टर्म लोनच्या धनकोंकडून सुमारे २३ कोटी १० लाख डॉलर ट्रस्टकडे आले.